निळीच राहिलेली नळी

लग्न होऊन मी मोशीहून कुरुळीला गेले तेव्हा माझ्या मैत्रिणींना माझा हेवा वाटला होता. नवरा पैलवान मिळाला होता ना! आमच्या भागात तेव्हा कारखाने यायचे होते. पिंपरीकडं औषधाच्या कुठल्याशा कारखान्याचं बांधकाम निघालंय, एवढंच कानावर यायचं. माणसाची ओळख त्याच्या शेतावरून व्हायची, नाहीतर छातीवरून. आमच्या ह्यांचं शेत बेताचं होतं, पण छाती अशी की दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागायचा.

पैलवानाच्या घरात नांदायचं म्हणजे काय, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. दूध, तूप, बदाम आधी त्याचे, मग देवाचे, मग उरलं तर रेडकाचे. सुनेचा नंबर रेडकानंतर. हे मी तेव्हाही थट्टेनंच घ्यायचे, कारण हे पेल्याच्या तळाला घोटभर दूध ठेवून पेला माझ्याकडं सरकवायचे. सासूबाईंचं लक्ष नसताना हळूच म्हणायचे, "उष्टं हाय, पन बदाम सगळं खाली बसल्यात." एवढ्या मोठ्या देहाचा माणूस आईला इतका भ्यायचा की मला हसू यायचं.

दर सोमवारी चावडीपुढच्या पिंपळाखाली न्हावी बसायचा. गावातले सगळे बाप्ये तिथं ओळीनं बसून दाढी करून घ्यायचे. तासभर काम आणि तीन तास गप्पा. ह्यांची दाढी इतकी राठ की न्हावी कुरकुर करायचा, "पैलवान, तुमच्या एकट्यापायी वस्तऱ्याला दोनदा धार लावावी लागती." हे घरी येऊन तो किस्सा मला ऐकवायचे आणि माझा हात ओढून गालावर ठेवायचे. "बग, झाली का गुळगुळीत?" संध्याकाळपर्यंत गाल पुन्हा खरखरीत झालेला असायचा. लग्नाची पहिली दोन वर्षं मला आठवतात ती त्या खरखरीत गालासकट.

बिघाड आधी मला कळला, कारण विहिरीचं पाणी मी भरत होते. रात्री भरून ठेवलेली कळशी सकाळी रिकामी दिसायला लागली. उन्हाळा आहे, तालमीत घाम जातो, म्हणून तहान लागत असेल असं वाटलं. मग उन्हाळा संपला तरी तहान तशीच. दंडावरचा ताईत कोपरापर्यंत खाली यायला लागला. गावच्या जत्रेत ह्यांनी ज्या पोराला एका हातानं फेकलं असतं, त्यानं ह्यांना चीत केलं. हरण्याचं काही नाही, पैलवान हरतातच. पण पाठ मातीला लागल्यावर हे लगेच उठले नाहीत. थोडा वेळ तसेच आभाळाकडं बघत पडून राहिले. बायकांच्या गर्दीतून मी ते पाहिलं.

आणि हे माझ्याजवळ येईनासे झाले. आता माझं वय असं आहे की हे सांगायला लाज वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यांनी वाटून घ्यायची तर घ्यावी. आधी पाठ करून झोपायचे, मग ओसरीवर अंथरूण टाकायला लागले. मी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी उणं असणार. मी नवी चोळी शिवून घेतली, सकाळ-संध्याकाळ वेणी घातली, काळी पडले म्हणून चेहऱ्याला हळद-साय लावली. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून बाहेर निघून गेले. त्या पाण्याचा अर्थ मी काढला तो असा की ह्यांना माझा वीट आला आहे, पण मन चांगलं म्हणून वाईट वाटतंय.

मग एका सोमवारी न्हाव्यानं ह्यांच्या हनुवटीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "तुमी पुढल्या सोमवारी या, पैलवान. वाढलीच न्हाई अजून." कुणीतरी ओळीतून बोललं, "बायकूनं उपटली का काय, राव!" सगळे हसले. हेही हसले म्हणे. हे मला दिरांनी सांगितलं. माझे दीर ह्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, त्याच तालमीतले, आणि भावाच्या पाठीमागं सावलीसारखे. त्या दिवसापासून हे चावडीपुढं गेले नाहीत. शनिवारी चाकणच्या बाजाराला जायचे आणि तिथल्या सलूनमधून पावडर लावून यायचे. गावाला वाटलं, पैलवान शौकीन झाला. दाढी करण्यासारखं गालावर फारसं काही राहिलेलंच नाही, हे घरात मला आणि दिरांनाच माहीत होतं.

दुखणं तालमीत गेलं आणि वस्तादांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. "धातू जातीया. लंगोट ढिला पडलाय." म्हणजे पुरुषाचं बीज वाया जातंय. त्यावर उपाय दोन. बायकोपासून लांब राहायचं आणि खुराक दुप्पट करायचा. लांब तर हे आपण होऊनच राहिले होते, ते वस्तादांना कोण सांगणार! खुराक मात्र खरोखर दुप्पट झाला. दुधात खडीसाखर, खारका, वर तूप. सकाळी थंडाई, दुपारी गूळ घालून कुटलेले बदाम. सासूबाई वाईट नव्हत्या. स्वतः भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन त्या लेकासाठी पाट्यावर बदाम वाटत बसायच्या. जितकं घालावं तितका माणूस वाळत होता. शेजारणी माझ्याकडं अशा बघायच्या, जणू मी रोज रात्री ह्यांच्यातलं काहीतरी काढून घेते. एकीनं तर पाणवठ्यावर तोंडावर म्हटलं, "जरा दमानं घे गं, मानूस हाय त्यो." मी भरलेली घागर तिथंच आपटली आणि घरी आले. घागरीला पोचा पडला तो पडलाच.

शेवटी मी मोशीला बाबांना निरोप धाडला. बाबा इंद्रायणीच्या मळीत वांगी, मेथी करायचे आणि पिंपरीच्या निर्वासित छावणीत विकायचे. तिथं सिंधकडून आलेला एक डॉक्टर होता. एका खोलीत दवाखाना, बाहेर बाकडं. बाबांचा त्याच्यावर फार विश्वास होता. जावयाला डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे जरा अवघडच, पण बाबांनी गोड बोलून ह्यांना तयार केलं. म्हणाले, "पैलवान, मलाच दाखवायचंय, तुमी सोबतीला चला." तिथं गेल्यावर डॉक्टरांनी बाबांना बाजूला बसवलं आणि ह्यांना तपासलं. जीभ पाहिली, डोळे पाहिले, रात्री कितीदा उठावं लागतं ते विचारलं. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदीही आमच्यासारखीच अडखळत. शेवटी म्हणाले, "सुबह का पेशाब बोतल में लाना. पहले देखेंगे, फिर बोलेंगे."

लघवीत काय बघणार, ते ना त्यांनी सांगितलं, ना बाबांनी-ह्यांनी विचारलं. शहाण्या माणसाचा नेम असतो, खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण नुसता 'साखर' हा एक शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून बाहेर पडला असता तर! या एका 'तर'वर मी किती वर्षं काढली आहेत.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. बैलगाडीत मी, बाबा, हे आणि दीर. पहिल्या खेपेला मी नव्हते; या वेळीही मला कुणी चल म्हटलं नव्हतं, मीच आदल्या रात्रीपासून हट्ट धरून गाडीत चढले. माझ्या नवऱ्याला काय झालंय ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. बाटली दिरांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून मांडीवर धरली होती. औषधाची जुनी बाटली, तिला कणसाच्या गाभ्याचं बूच. हे एकदा उतरून गाडीमागं चालत गेले, बैलांना चढ जड जातो म्हणून.

डॉक्टरांनी काचेची नळी घेतली आणि तिच्यात निळं औषध ओतलं. इतका सुंदर निळा रंग मी कधी पाहिला नव्हता. त्यात बाटलीतले थेंब मोजून टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून हलवत राहिले. आम्ही चौघं बघत होतो. औषध उकळलं. रंग निळाच राहिला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसरी नळी घेतली, पुन्हा तेच केलं. तीही निळीच. मग ह्यांच्याकडं रोखून बघत विचारलं, "यह आप ही का है ना?"

"हो जी," हे म्हणाले.

दीर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत उभे होते. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

डॉक्टरांनी खांदे उडवले, टॉनिकची बाटली दिली आणि महिन्यानं पुन्हा यायला सांगितलं. आम्ही गेलो नाही. कशाला जायचं? काहीही निघालं नव्हतं! बाबांनी परतीच्या वाटेवर बैलांना उगाचच पळवलं. सासूबाईंनी दारात मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि गल्लीत घरोघरी साखर वाटली. ह्यांच्या हातावर मोठी चिमूट ठेवली. ह्यांनी ती तोंडात टाकली आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

आता डॉक्टरनं निर्दोष ठरवलेला नवरा आणि मूल न होणारी बायको, असा हिशेब उरला. तो कुणावर येणार, हे सांगायला नको. वस्ताद म्हणाले, बाई डोळ्यासमोर आहे तोवर मन थाऱ्यावर येणार नाही. तिला माहेरी धाडा, पैलवान पुन्हा उभा राहील. मी सासूबाईंच्या पाया पडले, रडले. हे ओसरीवर बसून होते. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "तुमी सांगा. जाऊ का मी?" हे खाली बघून म्हणाले, "जा. बरा झालो की न्यायाला येतो." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक कधी झाला, ते मला समजलंच नाही.

दोन पावसाळे मी मोशीला होते. नवऱ्यानं टाकलेली म्हणून लोक चौकशी करायचे आणि चौकशीच्या शेवटी हमखास सुस्कारा. हे मधूनमधून यायचे. आळंदीला देवाला आलो होतो, वाटेत थांबलो, असं म्हणायचे. मोशी काही कुरुळीहून आळंदीच्या वाटेवर नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. नदीकाठच्या बाभळीखाली हे माझ्यापासून चार हातांवर बसायचे आणि म्हशीची, कांद्याची, भावाच्या लग्नाची गोष्ट काढायचे. एकदा माझा संताप अनावर झाला. मी म्हटलं, "न्यायचं न्हाई तर येता कशाला? एकदाचं सोडून तरी द्या." हे उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "थोडी ताकद येऊ दे गं." मी पाठ फिरवली. ह्यांची पावलं वाळूत जाताना ऐकू आली, पण मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं की माणूस चालताना मध्ये थांबून दम खातोय. नंतर ते मला नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी सांगितलं.

त्यानंतर कांदे काढताना ह्यांच्या अंगठ्याला खुरपं लागलं. शेतकऱ्याच्या पायाला लागतंच, हळद दाबली की झालं. या वेळी तसं झालं नाही. अंगठा काळा पडला, मग पाऊल सुजलं, मग घरात वास सुटला. तेव्हा सासूबाईंना माझी आठवण झाली. दीर गाडी जुंपून मोशीला आले आणि मला म्हणाले, "वैनी, चल. दादा तुजं नाव घेतोय." कुरुळीला पोचल्यावर आम्ही ह्यांना थेट पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पाय पाहिला, ह्यांचं तोंड हुंगलं आणि लगेच लघवी मागितली. नर्सनं भांडं तिथंच, खाटेवर दिलं. मग ती टेबलावर नळी घेऊन उभी राहिली आणि नळीत तोच निळा रंग. मला इतका आनंद झाला! परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं. मी ह्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "भिऊ नका. ही परीक्षा तुमी मागंच पास झालाय." नळी दिव्यावर गेली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि बघता बघता खाली भाजक्या विटेचा रंग बसला.

"अहो, चुकलंय तुमचं," मी डॉक्टरांना म्हणाले. "ह्यांची निळीच राहते. आम्ही पिंपरीत बघितलंय. दोनदा बघितलंय. परत करा."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, हा मधुमेह आहे. काही वर्षांपासून असणार. पिंपरीत बघितली ती ह्यांची नसेल."

मी दिरांकडं पाहिलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. "दादा म्हनला म्हनून दिली," एवढंच म्हणत राहिले. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

वस्तादांनी सांगितलं होतं की डॉक्टर नळीत धातू बघतात. खाली पांढरं बसलं की समजायचं, माणूस रिकामा झाला. ते पांढरं बायकोसमोर, सासऱ्यासमोर दिसणार, या धास्तीनं ह्यांनी त्या सकाळी गोठ्यामागं भावाच्या हातात रिकामी बाटली दिली होती. नळीत जे दिसणारच नव्हतं ते लपवायला गेले, आणि जे दिसलं असतं, ज्यावर औषध होतं, तेच लपून राहिलं. डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. साखर अशी वर्षानुवर्षं चढली की पुरुषाच्या अंगातला पुरुषपणाचा रस आटतो, इच्छा मरते, दाढीसुद्धा विरळ होते. तो आजार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. किती सोपं करून सांगितलं त्यांनी! पाच मिनिटं लागली असतील. आमची पाच वर्षं गेली होती.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी कुरुळीला परत आले ती कायमची. खडीसाखर, खारका मी स्वतःच्या हातानं शेजाऱ्यांत वाटून टाकल्या. इन्शुलिनची बाटली पाण्याच्या माठाशेजारी ओल्या वाळूत, छोट्या मडक्यात ठेवायची. काचेची सिरिंज रोज उकळायची आणि मांडीत सुई द्यायची. पहिल्या दिवशी मला सुई टोचवेना, तेव्हा हे म्हणाले, "दे हिकडं, मी टोचतो, तू नुसती जवळ बस." मी जवळ बसले. त्यानंतर चार हातांचं अंतर आमच्यात पुन्हा कधी पडलं नाही.

न्हावी आता घरी यायचा. पुढच्या वर्षी एका सोमवारी त्यानं ह्यांच्या गालावरून हात फिरवला आणि ओरडला, "पैलवान, धार लावावी लागनार बगा!" मी चुलीपाशी होते. तो गेल्यावर ह्यांनी मला हाक मारली आणि माझा हात ओढून गालावर ठेवला, पूर्वी ठेवायचे तसा. पूर्वीची राठ दाढी नव्हती ती, कोवळ्या पोराच्या मिशीसारखी होती. तरी मला रडू कोसळलं.

मूल झालं नाही. ह्यांचं मूत्रपिंड आधीच खराब झालेलं होतं आणि पुढं जेमतेम तीन वर्षं मिळाली. त्या तीन वर्षांतला एकही दिवस मी वाया घालवला नाही, पण आधीच्या पाचांचं काय करू, ते मला अजून उमगलेलं नाही. आता मोशीत भाच्याच्या फ्लॅटवर राहते. माझीही साखर निघाली आहे. बोट टोचलं की चिमुकल्या यंत्रावर आकडा येतो, भाचेसून तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते आणि मला रागावते. मला ते फार आवडतं.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी ह्यांना विचारलं होतं. ओसरीवर ऊन आलं होतं, मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, "मला का न्हाई सांगितलं? निदान मला तरी."

हे म्हणाले, "तुला कळलं आसतं तर तू मला सोडून गेली आसतीस."

"अहो," मी म्हणाले, "गेलेच होते की मी. तुमीच धाडलं होतं."